खासगी किल्ली कोणाच्या हवाली?

अंबाजोगाई निजामाच्या अमलात मोमिनाबाद म्हणून ओळखली जाई, तेव्हा सरकारी दस्तऐवजाचे प्रामाण्य ज्या मोहोरेवर अवलंबून असे, ती मोहोर कोणी चारचौघांत वाटत नसे. आणि आज याच गावातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपल्या संगणकावर संकेतस्थळासाठी चाचणीपुरते प्रमाणपत्र निर्माण करतो, तेव्हा त्या प्रमाणपत्राच्या खासगी किल्लीस तीच दक्षता लाभावी, असा माझा आग्रह आहे.

‘चाचणीचेच तर काम आहे’ हा युक्तिवाद मला घातक वाटतो. एमकेसर्टसारखे साधन केवळ एका संकेतस्थळाचे प्रमाणपत्र देऊन थांबत नाही. ते त्या यंत्रात एक स्थानिक प्रमाणन अधिकारीच नेमते, आणि त्या अधिकाऱ्याची किल्ली ज्याच्या हाती पडेल, त्याला बँकेच्या संकेतस्थळाचेही बनावट प्रमाणपत्र करून त्या यंत्राची फसवणूक करता येते. किल्ली गिट या आज्ञावली-नोंद प्रणालीच्या सामायिक कोठारात एकदा दाखल झाली, की पुढे फाइल काढून टाकली तरी ती कोठाराच्या इतिहासात शिल्लक राहते. ती बाद ठरवून नवी करणे, हाच खरा इलाज.

जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले आणि भारताच्या प्रमाणन अधिकाऱ्यांवरील नियंत्रकांना त्या केंद्राची प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. जेथे सरकारी यंत्रणेचीही अशी गत झाली, तेथे नवशिक्यांना शिस्त कोण लावणार? महाविद्यालयांनीच. प्रत्येकाने आपली किल्ली आपल्याच यंत्रावर करावी, गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, म्हणजे गिटइग्नोरमध्ये, तिची नोंद करावी, आणि सादर केलेल्या प्रकल्पात ती आढळल्यास परीक्षकांनी तो बेलाशक परत करावा.