थोडे जास्त टाकले तर काय बिघडते?

मालवणच्या बाजूला एका खाडीत काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग आहे. आम्ही सहाजण एका छोट्या होडीतून पलीकडच्या तीरावर निघालो होतो. होडीच्या मागच्या फळीला जुनी आउटबोर्ड मोटर अडकविलेली होती. निघण्यापूर्वी होडीवाल्याने पेट्रोलच्या डब्यात तेल ओतले. ओतले म्हणजे कसे? बाटली उपडी केली, मनाशी काहीतरी मोजले आणि बाटली सरळ केली. मी विचारले, "किती टाकलंत?" तो हसून म्हणाला, "तेल जरा जास्त पडला तर काय बिघडणा नाय, गुरुजी. कमी पडला तर मात्र मशीन गेला."

बंदरातील गर्दीतून होडी बराच वेळ हळूहळू चालली. मागे निळसर पांढरा धूर आणि पाण्यावर सप्तरंगी तवंग. खाडीच्या मध्यावर येताच मोटर दोनदा खोकली आणि बंद पडली. ओहोटी लागली होती. प्रवाह आम्हांला मुखाकडे ओढू लागला. दोघांनी वल्ही हाती घेतली. होडीवाल्याने प्लग काढला, तो काळाभोर आणि तेलाने चिंब झालेला. त्याने तो पुसला, घासला, परत बसविला. पंधरा-वीस मिनिटांनी मोटर सुरू झाली. कोणाला काही इजा झाली नाही. पण "थोडे जास्त टाकले तर काय बिघडते?" या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी पाण्यावर मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या होडीवाल्याचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे मात्र समजू नका. त्यात अर्धे सत्य होते. राहिलेले अर्धे काय, ते या लेखात पाहू.

प्रथम हे तेल पेट्रोलमध्ये टाकावेच का लागते? मोटारगाडीच्या चार धावांच्या एंजिनात वंगणाचे तेल खालच्या टाकीत वेगळे असते. ते पंपाने सगळीकडे फिरते आणि पुन्हा टाकीत येते. टू-स्ट्रोक, म्हणजे दोन धावांच्या साध्या एंजिनाची रचना निराळी आहे. त्यात दट्ट्या वर जातो तेव्हा त्याच्याखालच्या बंद पेटीत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ओढले जाते. दट्ट्या खाली येतो तेव्हा ते मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढते. या खालच्या पेटीला कारागीर क्रँककेस म्हणतात. तीच जर पंपाचे काम करीत असेल, तर तिच्यात तेल साठवून ठेवणार कसे? म्हणून तेल पेट्रोलमध्येच विरघळवून पाठवावयाचे. पेट्रोलची वाफ होते, तेलाचे सूक्ष्म थेंब मागे राहतात आणि दट्ट्या, सिलिंडरची भिंत व बेअरिंगे यांच्यावर पातळ थर धरतात. काम झाल्यावर ते तेल परत येत नाही. काही जळते, काही न जळताच धुराबरोबर बाहेर जाते. एंजिनाला दर क्षणी नवे तेल लागते आणि ते पेट्रोलबरोबर ठराविक प्रमाणातच मिळाले पाहिजे.

ते प्रमाण ५०:१ असे लिहितात. त्याचा अर्थ, पेट्रोलचे ५० भाग आणि तेलाचा १ भाग. म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. २५:१ असेल तर ४०० मिलिलिटर, १००:१ असेल तर १०० मिलिलिटर. सहावी-सातवीचे गणित आहे. पण या लहानशा गणितात धातू, तेल, उष्णता आणि पाणी या साऱ्यांचा हिशेब दडलेला आहे.

तेल कमी पडले तर काय होते, हे सांगावयास नको. थर तुटतो, धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट अडकून बसतो. हे काही मिनिटांत घडू शकते आणि दुरुस्ती महाग पडते. होडीवाल्याचे अर्धे सत्य ते हेच. कमी तेलाची शिक्षा तत्काळ व मोठी असते. जास्त तेलाची शिक्षा उशिरा येते. दोन चुकांपैकी एक करणे भागच असेल, तर जास्त तेलाची चूक पत्करावी. इथपर्यंत त्याचा अनुभव बरोबर होता.

आता दुसरी बाजू. जास्तीचे तेल पूर्ण जळत नाही. मंद गतीवर एंजिन तुलनेने थंड असते, तेव्हा तर ते प्लगच्या टोकावर साचते आणि ठिणगी पडेनाशी होते. दट्ट्याच्या कड्यांच्या खाचांत आणि धूर जाण्याच्या वाटेवर काजळी बसते. कडी चिकटून बसली की दाब निसटू लागतो. आणखी एक गंमत ध्यानात घ्या. एक लिटर मिश्रणात ५०:१ प्रमाणाने सुमारे ९८० मिलिलिटर पेट्रोल असते. तेच २५:१ केले तर सुमारे ९६२ मिलिलिटर उरते. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून जाणारा द्रव पेट्रोल आहे की तेल, हे त्या छिद्राला कळत नाही. म्हणून तेल वाढविले की त्याच हवेला मिळणारे पेट्रोल सुमारे दोन टक्क्यांनी घटते. फरक थोडा आहे, पण मिश्रण विरळ होणे म्हणजे एंजिन अधिक तापण्याकडे पाऊल टाकणे. ज्या संकटाच्या भीतीने आपण तेल वाढवितो, त्याच दिशेने हा एक धक्का असतो!

मग योग्य प्रमाण कोणते? "सर्वांत उत्तम प्रमाण" असे जगात काही नाही. ओल एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ साली आपली आउटबोर्ड मोटर विक्रीस आणली, त्यानंतरच्या जुन्या मोटरींना १६:१, पुढे २४:१ अशी प्रमाणे सांगितलेली आढळतात. १९६० च्या दशकात ५०:१ रूढ होऊ लागले. मधल्या काळात साध्या धातूच्या बुशांच्या जागी सुईसारख्या बारीक रुळांची बेअरिंगे आली आणि तेलेही सुधारली. १९८० च्या दशकात काही उत्पादकांनी आणखी पुढे जाऊन १००:१ सांगितले. पण मोटर बरेच दिवस न वापरता ठेवली, की आतल्या भागांवर इतके पातळ संरक्षण पुरत नाही असा अनुभव आला आणि त्यांतील काहींनी पुन्हा ५०:१ कडे वळण्याचा सल्ला दिला. म्हणजे हा आकडा कोणी वेदवाक्य म्हणून सांगितलेला नाही. तो प्रयोगाने ठरला, बदलला आणि चुकला तेव्हा मागेही घेतला गेला. ज्या एंजिनाची जशी घडण, तसा त्याचा आकडा. नव्या एंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसावयाचे असतात, म्हणून पहिले काही तास अनेक उत्पादक २५:१ वापरण्यास सांगतात.

तेलाची जातही महत्त्वाची असते. स्कूटरची टू-स्ट्रोक एंजिने हवेने थंड होतात आणि फार तापतात. आउटबोर्ड मोटर सभोवतालचे गार पाणी आत खेचून थंड राहते, पण तासन्‌तास मोठ्या वेगाने चालते. म्हणून तिच्या तेलात जळल्यावर राख मागे ठेवणारी द्रव्ये चालत नाहीत. अशा तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ असे चिन्ह असते. ते अमेरिकेतील नौका-उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेचे मानक असून त्यातील डब्ल्यू हे अक्षर पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनासाठी आहे. चुकीचे तेल अचूक मोजले, तरी ते चुकीचेच राहते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. "सुरक्षिततेसाठी थोडे जास्त" म्हणणारा एक गोष्ट विसरतो. ती सुरक्षितता उत्पादकाने आधीच त्या आकड्यात धरलेली असते. एंजिनाला मंद गतीवर कमी तेल पुरते आणि पूर्ण वेगावर जास्त लागते. पंपाने आपले तेल आपण घेणाऱ्या काही मोटरींत गतीप्रमाणे हे प्रमाण बदलतेही. पण डब्यात एकदा मिसळलेले तेल बदलता येत नाही. म्हणून सर्वांत कठीण प्रसंगाला, म्हणजे पूर्ण वेगाला, पुरेल असाच आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. त्यावर होडीवाला आपला एक हात जास्त टाकतो, दुरुस्ती करणारा आणखी वाढविण्यास सांगतो आणि तेल विकणारा मान डोलावतो. सावधगिरीवर सावधगिरी चढत जाते आणि शेवटी प्लग चिंब होतो. सावधगिरी हा गुण आहे खरा, पण न मोजलेली सावधगिरी म्हणजे अंदाजपंचे कारभार.

शिवाय अंदाज कुठे चुकतो, हेही पाहण्यासारखे आहे. समजा, डब्यात ५०:१ चे ४ लिटर मिश्रण उरले आहे. त्यात ६ लिटर पेट्रोल भरून डबा १० लिटरचा केला. आता तेल किती टाकाल? "दहा लिटरला दोनशे" एवढेच पाठ असेल, तर २०० मिलिलिटर टाकाल आणि प्रमाण होईल सुमारे ३६:१. "मघाशी टाकलेच होते" म्हणून काहीच टाकले नाही, तर ते होईल सुमारे १२७:१. बरोबर उत्तर १२० मिलिलिटर, कारण नव्या पेट्रोललाच नवे तेल हवे. हे कागदावर करून पाहा. उत्तर पाठ करणारा आणि प्रमाण समजलेला यांच्यातील फरक अशा अर्ध्या भरलेल्या डब्यापाशी कळतो.

याचा अर्थ थेंबाथेंबाचा काटेकोरपणा हवा असाही नाही. ५०:१ च्या जागी ४८:१ वा ५२:१ झाले, तर एंजिन कुरकुरणार नाही. किती अचूकता पुरे, हे ओळखणे हासुद्धा शास्त्राचाच भाग आहे. सोनाराचा तराजू येथे नको. खुणा केलेले साधे मापपात्र पुरे. काही जण म्हणतील, "आमचा हात बसलेला आहे." बसलेला हातही कधीतरी मापाने तपासून पाहावा. खरोखर बसलेला असेल, तर मापापुढे त्याला भिण्याचे कारण नाही.

हा प्रश्न केवळ होडीवाल्याच्या खिशाचा असता, तर मी एवढा लेख लिहिला नसता. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक एंजिनात मिश्रणाचा सुमारे पाव हिस्सा न जळताच बाहेर पडतो. आउटबोर्ड मोटरीचा धूर बहुधा पाण्याखालीच सोडलेला असतो, म्हणजे ते पेट्रोल आणि तेल प्रथम पाण्यालाच भेटते. अमेरिकेतील लेक ताहो या नितळ सरोवरावर १९९९ पासून अशा जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींना बंदी झाली. आपल्याकडे रस्त्यावरही हेच दुखणे होते. स्कूटर व रिक्षा यांत चालक सुटे तेल हवे तसे ओतीत आणि धूर लोकांच्या छातीत जाई. शेवटी १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील पंपांवर टू-स्ट्रोक वाहनांना आधीच योग्य प्रमाणात तेल मिसळलेले पेट्रोलच देण्याचा आदेश दिला. मापपात्राने जे काम झाले असते, त्यासाठी न्यायालयाला बोलावे लागले.

कोणी म्हणेल, आता चार धावांच्या आउटबोर्ड मोटरी आल्या आहेत, हा प्रश्न आपोआप मिटेल. हळूहळू मिटेल, हे खरे. पण जुनी मोटर वीस-वीस वर्षे चालते आणि नवी घेणे प्रत्येक मच्छीमाराला परवडत नाही. उलट नव्या अडचणीही येतात. २०२५ साली भारतात पेट्रोलमधील एथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. एथेनॉल पाणी शोषून घेते. होडीच्या डब्यात पाणी फार शिरले, तर एथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात आणि तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. एंजिनाची नळी मात्र तळातून ओढते! मग वर मोजून टाकलेले तेलही निरुपयोगी. म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा, मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि फार दिवस साठवू नये.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गुणोत्तर शिकविताना दूध-पाण्याच्या उदाहरणांबरोबर हेही उदाहरण घ्यावे. पेट्रोल वर्गात मुळीच आणू नये. ते धोक्याचे आहे. एक लिटर साधे पाणी आणि रंगीत पाण्याची एक बाटली पुरे. प्रत्येक विद्यार्थ्याने केवळ अंदाजाने २० मिलिलिटर रंगीत पाणी पेल्यात ओतावे, मग ते मापपात्रात मोजावे आणि आकडे फळ्यावर लिहावेत. नंतर ते एक लिटर पाण्यात मिसळले तर प्रत्येकाचे प्रमाण किती झाले, ते काढावे. कोणाचे ५०:१ च्या जवळ असेल, कोणाचे फार दूर. ज्याची त्याला आपल्या "बसलेल्या हाता"ची किंमत कळेल, आणि ती कोणी रागावून सांगण्याची गरज पडणार नाही.

त्या होडीवाल्याला पुढच्या खेपेस मी खुणा केलेले एक लहानसे मापपात्र नेऊन दिले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि मोटरीच्या पुस्तिकेतला आकडा मला वाचून दाखवावयास सांगितला. ती पुस्तिका त्याच्याकडे होती, पण मराठीत नव्हती. तेव्हा मला जाणवले की चूक एकट्या त्याची नव्हती. ज्याला आकडा वाचता येतो, त्याने तो दुसऱ्याच्या भाषेत सांगितला पाहिजे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी मोटर असेल, तर तिची पुस्तिका आजच काढा. प्रमाण शोधा, किती लिटरला किती मिलिलिटर याचा तक्ता मराठीत ठळक अक्षरांत लिहा आणि डबा ठेवतात त्या जागी भिंतीवर लावा.