आधी दाखवून या



यंदाच्या दिवाळी अंकाचा पहिला विभाग आम्ही स्तनाच्या कर्करोगाला दिला आहे. अंकाची जुळवाजुळव चालू असताना जवळच्या काही मंडळींनी विचारलं, ऐन सणात हा विषय कशाला? फराळाचं ताट समोर असताना हे कोण वाचणार? प्रश्न आपुलकीचा होता, म्हणून उत्तर इथेच देतो. आमच्या मते सणातच हा विषय काढायला हवा.

गाठ हाताला लागल्यापासून डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर आपल्याकडच्या बायकांचे जे महिने जातात, ते असल्याच निमित्तांनी जातात. गणपती होऊ देत, दिवाळी उरकू दे, लेकीचं बाळंतपण आहे, धाकट्याची दहावी आहे. गाठ बहुतेकदा दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी कामाचा खाडा करून दवाखान्यात जायचं, हे तिला पटतच नाही. नरकचतुर्दशीला मुलांना, पाडव्याला नवऱ्याला ती तेल-उटणं लावते. पोराच्या अंगावरचं पुरळ, नवऱ्याच्या पाठीवरचा नवा तीळ तिच्याच हाताला आधी कळतो. तिची स्वतःची अंघोळ मात्र सगळ्यांच्या शेवटी, घाईघाईत. दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईचं आपण पिढ्यानपिढ्या कौतुक करत आलो. ते कौतुक आता थांबवायला हवं.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि 98 हजारांवर स्त्रिया त्याने गेल्या. अमेरिकेत त्याच वर्षी रुग्ण आपल्याहून बरेच जास्त होते, मृत्यू मात्र निम्म्याहूनही कमी. यामागे पैसा आहे, रुग्णालयांचं अंतर आहे. पण उशीरही आहे, आणि तो कमी करणं आपल्या हातात आहे.

कसा, हे आपल्याच मुंबईने दाखवलं. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 मध्ये शहरातल्या गरीब वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करायच्या. महागडं यंत्र नाही. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध केले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण तपासणी झालेल्या वस्त्यांत 37 टक्के होतं, इतर वस्त्यांत 47 टक्के. पन्नाशी गाठलेल्या आणि ओलांडलेल्या स्त्रियांमधले मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तेवढा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही एका साध्या, शिकलेल्या हाताने एवढं साधावं, याचा आम्हांला फार अभिमान वाटतो.

आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रियांचं देशातलं प्रमाण एक टक्काही भरलं नाही. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी व्हावी, अशी योजना आहे. आशाताईंना विचारा. तपासणीची सोय दूर असेल तर गावाने, महिला मंडळाने ती मागून घ्यावी.

आरशासमोर स्वतःची तपासणी करा, एवढं सांगून मोकळं होणं मात्र आम्हांला पटत नाही. शांघायमधल्या अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांच्या अभ्यासात, नुसतं स्वपरीक्षण शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत. स्वतःच्या शरीराची ओळख हवीच. पण नवी गाठ, काखेतला गोळा, कातडीला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र किंवा त्यातून येणारं रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. बहुतेक गाठी साध्याच निघतात. ‘सुई टोचली की पसरतो’ ही भीती निराधार आहे. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय रोगाचं नेमकं निदान होत नाही. आणि लवकर सापडला तर पुष्कळदा स्तन काढावाही लागत नाही.

घरातल्या पुरुषांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. खर्चाच्या विचाराने ती गप्प बसते, हे तुम्हांला ठाऊक असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार येतात. कागदपत्रं जमवणं, रजा काढणं, रांगेत उभं राहणं ही कामं तुमची. तिने विषय काढण्याची वाट पाहू नका. आणि हा आजार क्वचित पुरुषांनाही होतो, तेव्हा तुमच्या छातीतली गाठही लपवू नका.

या विभागातल्या आकृत्यांत स्तन जसा असतो तसाच दाखवला आहे. झाकून काढलेल्या चित्रातून तपासणी शिकता येत नाही. ग्रंथालयांच्या चालकांना विनंती आहे, की त्या पानांमुळे अंक कपाटात ठेवू नये. वाचनाच्या टेबलावरच असू द्यावा. ज्या महिला मंडळांना, शाळांना हा विभाग वेगळा छापून वाटायचा असेल, त्यांनी खुशाल छापावा. आमची परवानगी मागण्याची गरज नाही.

— संपादक