चिठ्ठीवर तारीख लिहा

घोंगडे वस्तीतली माझी पिन्नी गेल्या श्रावणात आठ दिवस नीट जेवली नाही. पिन्नी म्हणजे मावशी. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या पद्मशाली घरांत नात्यांची नावं अजून तेलुगूच आहेत. तिच्या छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला आणि खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "तीन-चार दिवसांनी या." चौथ्या दिवशी गेली तर रिपोर्ट आलेला नव्हता. सहाव्या दिवशी कळलं की तुकडा पुण्याला पाठवलाय. आठव्या दिवशी रात्री दहा वाजता तिच्या मुलाच्या मोबाइलवर रिपोर्ट येऊन पडला. दहावीतल्या नातीने तो अडखळत वाचला. त्यात 'निगेटिव्ह' असा शब्द होता. निगेटिव्ह म्हणजे काहीतरी वाईट, असं सगळ्यांनी धरलं आणि घरात रडारड झाली. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की कर्करोग नाही.

गाठ साधी निघाली, देवाची कृपा, आता विषय संपला, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. मला ते पटत नाही. गाठ साधी होती, पण ते आठ दिवस साधे नव्हते. ते तिने अंगावर काढले, आणि त्यातले निदान चार तरी टाळता आले असते.

पिन्नी विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि सकाळपासून बोटं चालू. दिवसाला हजार विड्या झाल्या तर दिवस भरला. मजुरी विड्यांवर असते, हजेरीवर नाही. दवाखान्याच्या रांगेत गेलेल्या तासांचा पैसा कुणी देत नाही. 'अजून आला नाही' एवढं एक वाक्य ऐकायला ती दोनदा गेली आणि प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. आमच्या भागात यंत्रमागावर बीम चढवलं की ते किती दिवसांत संपेल हे माग चालवणारा सांगतो. सोलापुरातून दाते पंचांग निघतं. ग्रहण कधी लागेल आणि कधी सुटेल ते वर्षभर आधी त्यात छापलेलं असतं. तारखेची किंमत या गावाला नव्याने शिकवायला नको.

तुकडा तपासायला वेळ लागतो हे मला मान्य आहे, आणि तो का लागतो हे लोकांना सांगायला हवं. काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे तो कुजत नाही आणि घट्ट होतो. मग त्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने काढून तिथे मेण भरतात. हे काम यंत्रात बहुधा रात्रभर चालतं. त्या मेणाच्या ठोकळ्याचे तीन ते पाच मायक्रॉनचे, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ, काप काढतात, त्यांना रंग देतात, आणि शेवटी एक डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहतो. त्याला शंका आली तर आणखी वेगळे रंग द्यावे लागतात आणि दिवस वाढतात. क्षयाच्या जंतूंची वाढ करून पाहायची असेल तर सहा आठवडेसुद्धा थांबावं लागतं. हे विज्ञान आहे, त्यात घाई करू नये. पण पिन्नीला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. उशीर झाला म्हणजे काहीतरी वाईट निघालं असणार, असा हिशोब तिने मनाशी केला. सहाव्या दिवशी 'पुण्याला पाठवलाय' हे कळल्यावर तर तिची खात्रीच झाली.

न कळणं हे वाईट कळण्यापेक्षा जड जातं, हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 जणांना संगणकावर दगड उलटायला दिले. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा वेदना देणारा झटका बसायचा. घाम आणि डोळ्याच्या बाहुल्या मोजून ताण पाहिला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण 'बसेल किंवा नाही, निम्मी निम्मी शक्यता' असताना आला. प्रयोगातला झटका हाताला होता आणि खेळ थोड्या वेळात संपला. पिन्नीचा दगड आठ दिवस उलटला नाही.

मग लोकांना थांबायला लावूच नये का? नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीने याचं उत्तर दिलेलं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साथीने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठं काम केलं. गावांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. काही गावांत व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी केली. तिचा निकाल तिथल्या तिथे मिळायचा. काही गावांत पॅप तपासणी, काहींत एचपीव्ही या विषाणूची चाचणी. या दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत जायचे आणि बाईला थांबावं लागायचं. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्यांत जास्त जीव वाचवले ते एचपीव्ही चाचणीने: त्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू, आणि जवळजवळ तेवढ्याच बायकांच्या, तपासणी न केलेल्या गटात 64. त्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं यावरून पुढे टीका झाली, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण थांबायला लावणारी चाचणी उपयोगी ठरली, हे खरं आहे.

ती उपयोगी ठरली, कारण नमुना घेतल्यावर काम संपत नव्हतं. एचपीव्ही चाचणीत शंभरातल्या साधारण दहाजणी पॉझिटिव्ह आल्या. त्यातल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता, पण हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं आणि पुढची तपासणी करायला हवी होती. त्यांना पुन्हा बोलावणं, तपासणं आणि लागेल तो उपचार करणं हा त्या कामाचाच भाग होता, आणि बहुतेकजणी पुढच्या तपासणीला आल्या. शेतात राबणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या बायका होत्या त्या. खेड्यापाड्यांत हे होऊ शकलं तर सोलापूर शहरात, जिथे गल्लीगल्लीत लॅबची पाटी आहे, तिथे का होऊ नये?

माझी मागणी फार मोठी नाही. नमुना घेतला की त्याच चिठ्ठीवर रिपोर्टची तारीख लिहा. तीन-चार दिवस नको, वार आणि तारीख. तुकडा बाहेरगावी जाणार असेल तर तेही तेव्हाच सांगा. शेजारी एक फोन नंबर लिहा, जो कुणीतरी उचलतो. उशीर होणार असेल तर फोन लॅबने करायचा, विड्या टाकून बाईने चक्कर मारायची नाही. आणि गंभीर तपासणीचा कागद रात्री मोबाइलवर ढकलू नका. त्यातलं पहिलं वाक्य डॉक्टरांनी किंवा त्यांच्या माणसाने तोंडाने सांगावं, समोरच्याला कळेल त्या भाषेत. या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलतात. इंग्रजी कागद, मराठी खिडकी आणि तेलुगू बाई, या तिघांच्या मध्ये उभं राहून सांगणारं माणूस जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात नोकरीला असतंच. नर्स असते, आयाबाई असते. तिला हे काम नेमून द्या. 'निगेटिव्ह म्हणजे चांगलं' एवढं तेलुगूत सांगायला किती वेळ लागतो?

घरच्यांनाही एक सांगते, कारण त्यात मीही होते. आम्ही सगळे तिला "काही होत नाही गं" म्हणत राहिलो. त्याने तिला धीर आला नाही, उलट तिचं बोलणं बंद झालं. पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारची अक्का आपलं सूप घेऊन आली आणि तिच्याशेजारी विड्या वळत बसली. तिने धीर दिला नाही की देवाचं नाव घेतलं नाही. "एं चेप्पारु?" म्हणजे काय सांगितलं त्यांनी, एवढंच विचारलं आणि मग ऐकत राहिली. त्या एका रात्री पिन्नी भात जेवली.

सहा महिन्यांनी तिला पुन्हा दाखवायला बोलावलं आहे. माघात तिच्याबरोबर मी जाणार आहे, आणि चिठ्ठीवर तारीख लिहून घेतल्याशिवाय आम्ही दोघी त्या खिडकीवरून हलणार नाही.