मैदानाच्या कडेची मिळकत

छायाचित्रणाचा छंद घरात शिरला, की पहिली काही वर्षे तो केवळ खातो. आधी कॅमेरा येतो, त्यामागून लांब पल्ल्याची लेन्स, मग तिचे ओझे पेलणारी तिवई, मग हे सारे पावसाळी दमटपणापासून जपणारी पेटी. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी "यातून चार पैसे तरी सुटतात का?" असे विचारले, तर तो प्रश्न आम्हांस अरसिकपणाचा वाटत नाही. खेळांची छायाचित्रे घेणाऱ्यास तर तो अवश्य विचारला जावा. कारण त्यास होकारार्थी उत्तर देता येते, आणि तेही नोकरी न सोडता, रविवारच्या सकाळी.

मात्र बहुतेक हौशी मंडळी हे उत्तर भलत्याच ठिकाणी शोधतात. इंदूरकरांच्या मनात खेळ म्हटला की होळकर संघ उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड यांच्या त्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या वारशामुळे कॅमेरा हाती आला की नजर थेट होळकर स्टेडियमकडे वळते. पण मोठ्या सामन्यास प्रेक्षक म्हणून जाणाऱ्यास असला कॅमेरा आत नेता येत नाही. सीमारेषेजवळ बसण्याचे अधिकारपत्र वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था यांच्या माणसांसाठी असते. आणि समजा, ते मिळालेच, तरी नामांकित फलंदाजाचे आणखी एक छायाचित्र विकत कोण घेणार?

गिऱ्हाईक उभे असते ते शाळेच्या पटांगणाच्या कडेला. दहा वर्षांची मुलगी दोरीच्या मल्लखांबावर आसन धरते, तो क्षण आईच्या मोबाइलमध्ये ठिपक्याएवढा उमटतो. धाकटा खो-खोत सूर मारतो, तेव्हा वडिलांच्या हाती लागते ती केवळ धूळ. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला. खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झाली आणि पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे भारताकडे आली. तरीही या खेळांच्या आंतरशालेय सामन्यांकडे जाणता छायाचित्रकार सहसा फिरकत नाही. ही उणीव म्हणजेच आपला धंदा.

या खेळांची जाण असलेल्यास येथे मोठा फायदा होतो. मल्लखांबात प्रत्येक आसनाशी खेळाडू क्षणभर स्थिरावतो. तो क्षण आधी ओळखता आला तर १/५०० सेकंदाचा शटर पुरतो. खो-खोत मात्र १/१००० च्या खाली गेल्यास झेपावलेला हात पुसट येतो. तेथे खांबाच्या मागे, मोकळ्या पट्ट्याच्याही बाहेर, मध्यपाटीच्या रेषेत बसावे, म्हणजे आपल्याकडे सूर मारणारा चेहरा मिळतो. बाजूस उभे राहिल्यास बव्हंशी पाठीच मिळतात. बंदिस्त सभागृहात उजेड कमी असला तरी फ्लॅश उडवू नये. उंचावर तोल सांभाळणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर लखकन प्रकाश पाडणे हा अपघातास दिलेला आवतण होय. त्याऐवजी ८५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्यावी आणि आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत न्यावा. चित्र थोडे दाणेदार येते. त्याबद्दल कोणा आईने तक्रार केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

खरी अडचण यापुढची आहे, आणि ती कॅमेऱ्याची नव्हे, भिडेची आहे. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजात सगळेच ओळखीचे. "दोन फोटो पाठवून द्या हो," असे कोणी म्हणते, आणि आपण भिडेस्तव साठ पाठवतो. पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दर ठरवावा, तो कागदावर लिहावा आणि चेहरा पाहून बदलू नये. व्यायामशाळेस तिच्या फलकासाठी पाच-सहा चित्रे विनामूल्य द्यावीत. त्या बदल्यात पालकांना चित्रे विकण्याची लेखी परवानगी घ्यावी. सरसकट फुकट वाटणाऱ्या हौशी माणसास आम्ही उदार म्हणणार नाही. चौकातल्या ज्या स्टुडिओवाल्याचे पोट याच कामावर चालते, त्याचा भाव तो पाडत असतो.

हिशेबही कठोरपणे करावा. समजा, एका स्पर्धेत ४० मुले आहेत आणि १५ जणांच्या पालकांनी प्रत्येकी ३०० रुपये दिले, तर ४५०० रुपये झाले. पण त्या दिवशी २००० वेळा शटर दाबला गेला असेल, आणि अनेक मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांचे शटर सुमारे एक लाख वेळा चालेल अशा बेताने घडवलेले असते. म्हणजे अशा ५० दिवसांत त्याचे आयुष्य संपत आले. प्रत्येक वेळच्या मिळकतीतून काही रक्कम नव्या कॅमेऱ्यासाठी बाजूस काढली नाही, तर आपण नफा म्हणून भांडवलच खात असतो. शिवाय दोन हजारांतून दीडशे चित्रे निवडण्यात अख्खी संध्याकाळ जाते, ती वेगळीच.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. मिळकत मात्र आयकराच्या विवरणपत्रात दाखवावीच लागते. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी असा जोडधंदा आरंभण्यापूर्वी आपले सेवानियम वाचून वरिष्ठांची अनुमती घ्यावी. आणि १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम १७ असे सांगते, की कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो सांगणारा ठरतो. स्वतः होऊन काढलेल्या आणि मग विकलेल्या चित्राचा हक्क आपल्याकडे राहतो. पण हक्क आपला असला, तरी परक्याच्या लेकराचे चित्र पालकांस न विचारता, नावासह समाजमाध्यमांवर झळकवणे आम्हांस मुळीच मान्य नाही. कसरतीतील अवघडलेल्या क्षणी टिपली गेलेली मुलीची चित्रे घरी येताच पुसून टाकावीत. ती पालकांपुढे निवडीलाही ठेवू नयेत. हरून रडणाऱ्या मुलाचे चित्र कितीही उत्तम साधले, तरी ते विकाऊ नव्हे.

जाता जाता एक व्यवहाराची सूचना. दोन्ही संघांची सांघिक छायाचित्रे सामन्यापूर्वीच घेऊन ठेवावीत. निकालानंतर हरलेली मुले रांगेत उभी राहत नाहीत, आणि राहिली तरी त्या चित्रास मागणी येत नाही.