देह आमचा, विद्या कोणाची ?

शेतकीखात्याचा माणूस नवें खत घेऊन गांवीं आला म्हणजे एका शेतांत दोन वाफे आंखतो. एकास खत घालतो, दुसऱ्यास घालीत नाहीं. सुगीला दोन्ही वाफ्यांचें माप घेतलें कीं खताचा गुण कळतो. ही रीत आमच्या शेतकरी बंधूंस ठाऊक आहे व तींत कांहीं वावगें नाहीं. बिनखताचा वाफा खुरटला तर चार पायल्या जोंधळा बुडतो, इतकेंच. परंतु हेच वाफे शेतांत न आंखतां आमच्या आयाबहिणींच्या देहावर आंखले, तर बिनखताच्या वाफ्याचें काय झालें, हें विचारण्याचा हक्क आम्हांस आहे कीं नाहीं ?

ही आमची कल्पना नव्हे. उस्मानाबाद जिल्ह्यांत (त्यास आतां धाराशिव म्हणतात) १९९९ सालापासून असा प्रयोग झाला. मुंबईचें टाटा रुग्णालय, बार्शीचें नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय व फ्रान्सांतील लियों शहरची जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनीं तो केला; पैसा अमेरिकेंतील गेट्स फाउंडेशनचा. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग कोणत्या तपासणीनें वेळींच हातीं लागतो व मरण टळतें, हें पाहावयाचें होतें. खेड्यांचे ५२ समूह केले व ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार भागांत वांटणी केली. एका भागास एचपीव्ही नांवाच्या विषाणूची तपासणी, दुसऱ्यास पेशींची, तिसऱ्यास आम्लाचें पाणी लावून डोळ्यांनीं पाहण्याची. चौथ्या भागांत ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांची तपासणी केली नाहीं. तपासून घ्यावयाचें असेल तर कोठें जावें, एवढें सांगितलें. हाच तो बिनखताचा वाफा !

पुढें माप घेतलें व तें २००९ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील एका नामांकित वैद्यकीय पत्रांत छापून आलें. विषाणूची तपासणी ज्या भागास दिली त्यांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं ह्या रोगानें ३४ मेल्या. चौथ्या भागांतील ३१,४८८ पैकीं ६४ मेल्या. एकदांच केलेल्या तपासणीनें मरण निम्म्यावर आलें. हा शोध खरा आहे व मोठा आहे. त्याची किंमत आम्ही तिळभरहि कमी करीत नाहीं. २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सर्व देशांस हीच तपासणी आधीं करा म्हणून सांगितलें. म्हणजे धाराशिवच्या खेड्यांतील बायांनीं साऱ्या जगाच्या बायांस ज्ञान दिलें. पण त्या ६४ जणींस जगानें काय दिलें ?

आणि हा प्रयोग एकटा नव्हता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत व तामिळनाडूंतील दिंडिगल जिल्ह्यांत तसेच दोन झाले. तिन्ही ठिकाणच्या तपासणीविना ठेवलेल्या स्त्रिया १,३८,६२४ होत्या. त्यांपैकीं निदान २५४ ह्या रोगानें मेल्या. त्या सर्वच वांचल्या असत्या असें आम्ही म्हणत नाहीं. पण कित्येक वांचल्या असत्या, हें तर त्या प्रयोगांचेंच अनुमान आहे!

यावर विद्वानांचें उत्तर तयार असतें. ते म्हणतात, "ह्या देशांत तशी तपासणी कोणा खेडवळ बाईस मिळतच नव्हती. जें नव्हतें तें आम्हीं काढून घेतलें नाहीं. तीन भागांस तर दिलें ना ?" वाहवा ! गरीबाच्या ताटांत भाकरी नव्हती, म्हणून शेजारीं बसून त्याची उपासमार मोजावयास हरकत नाहीं ! पेशींची तपासणी १९४० नंतरच्या दशकांतच जगास माहीत झाली होती. हा रोग एका दिवसांत होत नाहीं. पहिला बिघाड दिसल्यापासून कर्करोग होईतों बहुधा दहा दहा वर्षें जातात, व तेवढ्यांत बिघडलेला भाग गोठवून किंवा कापून काढला तर बाई वांचते. हें ज्ञान असतांना चौथा भाग कोरडा कां ठेविला ? तीन तपासण्यांत सरस कोणती, हें तीन वाफ्यांवरहि कळलें असतें. ज्या देशाचा पैसा होता त्या देशांतील बायांचा असा कोरडा वाफा ठेवण्यास कोणी धजला असता काय ? जो देश जितका गरीब तितका तेथील प्रयोग सोपा, हा न्याय असेल तर गरिबी ही विद्वानांची दुभती गायच म्हणावयाची !

कोणी म्हणेल, हीं माणसें संशोधनाचींच वैरी. मुळींच नाहीं. १९५६ सालीं मद्रासेंत क्षयाच्या १९३ रोग्यांवर प्रयोग सुरू झाला. निम्म्यांस इस्पितळांत ठेविलें, निम्म्यांस त्यांच्या दाटीच्या घरींच. पण औषध दोघांसहि तेंच दिलें. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, व गरिबास इस्पितळाची खाट नसली तरी क्षय बरा होतो हें जगास कळलें. १९७१ सालीं बांगला देशाच्या निर्वासितांच्या बनगांव छावणींत पटकी उसळली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा घातलेलें पाणी नातेवाइकांच्या हातून सर्वांस पाजविलें. शेंकडा ३० मरत होते, तेथें चारांहून कमी मरूं लागले. तेंहि पुढें छापून आलें. त्यासाठीं कोणास तहानलेलें ठेवावें लागलें नाहीं. असें संशोधन करणारांस आम्ही हात जोडतों.

आतां संमतीचा प्रकार पहा. २००९ सालीं आंध्रांतील खम्मम व गुजराथेंतील वडोदरा जिल्ह्यांत ह्याच रोगाची लस १० ते १४ वर्षांच्या मुलींस टोंचण्याचा प्रयोग झाला. लशीविरुद्ध आमची तक्रार नाहीं. त्यांतील सात मुली पुढें मेल्या. चौकशींत त्यांचें मरण लशीमुळें नव्हे असें ठरलें, तेंहि आम्ही सांगतों. पण खम्ममला आश्रमशाळांतील मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजीं वसतिगृहाच्या अधीक्षकांनीं सह्या ठोकल्या. २०१३ सालीं संसदेच्या समितीनें ह्यावर कडक ताशेरे झाडले. पोर आमची, आणि संमति अधीक्षकाची !

प्रयोग झाला, शोध लागला; पुढें काय ? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ह्या रोगाची तपासणी कधीं तरी झालेल्या स्त्रिया देशांत शेंकडा १.९ भरल्या. शोध छापून दहा वर्षें उलटलीं, तरी शंभरांत पुऱ्या दोन नाहींत ! बियाणें आमच्या वावरांत पारखलें आणि पेरणी मात्र भलतीकडे.

आणि हा सारा हिशेब इंग्रजींत ! प्रयोगांच्या नोंदीचें सरकारी दप्तर २००७ सालीं उघडलें, तेंहि इंग्रजींत. इस्पितळांतील एकेका रोग्याची हकीकत विद्वान छापतात, तींत "रोगी उशीरां आला" हें वाक्य ठरलेलें. कां उशीरां आला ? मजुरी बुडते म्हणून, एस.टी. नाहीं म्हणून, तालुक्याला डॉक्टर नाहीं म्हणून. त्या रोगाचें निदान मात्र कोणी छापीत नाहीं.

आमचें मागणें थोडकें आहे. उपाय ठाऊक असतां कोणत्याहि भागास उपायाविना ठेवूं नये. प्रयोग गांवांत करावयाचा तर तो आधीं ग्रामसभेंत आमच्या बोलींत समजावून सांगावा. फळ काय आलें तें त्याच ग्रामसभेंत येऊन सांगावें व मराठींत छापावें. जो उपाय सिद्ध होईल तो पहिल्यानें त्याच गांवांस मिळावा, व त्याचा खर्च प्रयोगाच्या खर्चांतच धरावा. २०१९ च्या नियमांप्रमाणें औषधांच्या प्रयोगांवर नजर ठेवणाऱ्या नीतिसमितींत एक सामान्य माणूस असावाच लागतो. तो पेन्शनीचा साहेब नसून शेतांत राबणारी बाई कां असूं नये?

आणि बंधुभगिनींनो, हें सर्व होईतों आपण स्वस्थ बसावयाचें नाहीं. दवाखान्यांत कोणी कागद पुढें केला तर अंगठा उठविण्यापूर्वीं चार प्रश्न विचारा : हा उपचार आहे कीं प्रयोग ? मी नाहीं म्हटलें तर माझें औषध बंद होईल काय ? मला औषध मिळेल, कीं मी कोरड्या वाफ्यांत ? अपाय झाला तर भरून कोण देणार ? उत्तर समजेपर्यंत अंगठा मुठींत ठेवा. मुलीस शाळेंत घाला. पुढला कागद तिला वाचावयाचा आहे. आणि तीस वर्षांवरील प्रत्येक घरची बाई सरकारी दवाखान्यांत नेऊन "ह्या रोगाची तपासणी करा" म्हणून सांगा. तपासणी नाहीं म्हणाले तर गांवानें मिळून अर्ज द्या. त्या ६४ जणींनीं जें ज्ञान जगास दिलें, तें त्यांच्या लेकीसुनांस मिळालेंच पाहिजे. तें दान नव्हे, आमचें येणें आहे.