सूटरसाहेबांचा दरारा आणि बडोद्याचा खटला

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून पपनसाच्या सरबताची गोष्ट अजून सांगितली जाते. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पेल्यात सोमल आणि हिऱ्याची पूड कशी पडली, हवालदार रावजी कसा फुटला, नरसू जमादाराने विहिरीत उडी कशी टाकली, आणि मल्हारराव महाराजांची गादी कशी गेली, हे सारे सांगणारा जणू तेथे हजर असल्यासारखे सांगतो. आमच्या निजामपुऱ्यातून शहराकडे येताना फत्तेगंज लागते, तोच जुना कॅम्प. त्यामुळे आमच्या बाजूच्या मंडळींना ही गोष्ट घरचीच वाटते. तिचा शेवट सर्वत्र एकच ऐकू येतो : मुंबईहून सूटरसाहेब आले आणि त्यांनी सारे बाहेर काढले.

मला आज या शेवटच्या वाक्याबद्दल लिहावयाचे आहे. कारण गोष्टीचा सारा भार या एका वाक्यावर आहे. विष कोणी घातले याचा पुरावा काय, असे विचारले की उत्तरादाखल पुरावा येत नाही, सूटरसाहेबांचे नाव येते.

हे नाव सामान्य नव्हते, हे आधी मान्य करू. फ्रँक सूटर यांच्या कीर्तीचा आरंभ त्यांच्या वडिलांपासून होतो. १८४२ साली काबूलहून माघार घेताना गंडमक येथे ४४ वी पलटण कापली गेली, तेव्हा पलटणीचे निशाण अंगाभोवती गुंडाळलेले कॅप्टन सूटर जिवंत राहिले व कैदेत पडले. मुलाने नाव काढले ते दक्षिण मराठा मुलखात. १८५४ साली ते धारवाडचे पोलीस सुपरिंटेंडेंट झाले. १८५८ साली नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना त्यांनी पकडले आणि त्या जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावास फाशी झाली. पुढे नगर-नाशिककडे भागोजी नाईकांचे बंड चालू होते. नांदूर शिंगोट्याजवळ ऑक्टोबर १८५७ मध्ये लेफ्टनंट हेन्री मारले गेले होते. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यात सूटर यांनी भागोजींना गाठले, आणि त्या चकमकीत भागोजी पडले. १८६४ पासून १८८८ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, ते मुंबईचे पोलीस कमिशनर होते. त्यांची थोरवी पुढे १९२३ साली ग्रंथात लिहिली ती एस. एम. एडवर्ड्स यांनी, आणि एडवर्ड्स हे स्वतः त्याच खुर्चीवर बसलेले कमिशनर! घरच्या माणसाने लिहिलेल्या चरित्रात जितके खरे असते तितके त्यात आहे. जे सोयीचे नव्हते त्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते.

बाबासाहेब आणि भागोजी यांना आज आपण स्वातंत्र्याच्या लढ्यातील म्हणून स्मरतो. तेव्हा तलवारीच्या कर्तबगारीचे मोल कोणत्या बाजूला उभे राहून करावयाचे, हा प्रश्न आहेच. पण तो बाजूस ठेवू. सूटर शूर होते, एवढे निःशंक. माझा मुद्दा निराळा आहे. रानात बंडखोराला गाठणे हे एक काम, आणि बंद खोलीत साक्षीदाराकडून खरे काढणे हे दुसरे. पहिल्यातील यश दुसऱ्याला जामीन राहू शकत नाही. शहराचा बंदोबस्तही त्यांना नेहमी साधला असे नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये मुंबईत पारशी वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा पोलिसांनी वेळीच रक्षण केले नाही अशी पारशी मंडळींची उघड तक्रार होती. त्याच वर्षाच्या अखेरीस हेच कमिशनर बडोद्यास आले.

आता बडोद्यात काय झाले ते क्रमाने पाहू. मल्हाररावांनी फेअर यांना येथून हलवावे असा खलिता व्हाइसरॉयांकडे २ नोव्हेंबर १८७४ रोजी पाठविला. त्या वेळी दिवाणगिरीवर दादाभाई नौरोजी होते. आठवडाभरात, ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आलेल्या फेअर यांनी सरबताचे दोन घोट घेतले, बाकीचे ओतून दिले, आणि पेल्याच्या तळाशी त्यांना गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी त्याची परीक्षा केली. पुढे फेअर यांच्या जागी सर लुईस पेली आले आणि तपास सूटर यांच्या हाती गेला. त्यांच्याबरोबर अकबरअली व अब्दुलअली हे मुंबईचे नामांकित अंमलदार आणि गजानन विठ्ठल होते.

पुरावा उभा राहिला तो असा. रावजी हवालदाराने माफीच्या आश्वासनावर कबुली दिली. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, पण ती केव्हा? प्रसंगानंतर सहा आठवड्यांहून अधिक काळ लोटल्यावर, डिसेंबरच्या २५ तारखेस. तोवर तो पट्टा दुसऱ्या शिपायाच्या अंगावर गेला होता, आणि पुडी शोधणारा हात अकबरअलींचा होता. महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत जानेवारीत पहाऱ्यात पडले. कित्येक दिवस तसे राहिल्यावर त्यांनी कबुली दिली, आणि त्यांनाही माफी मिळाली. हिरे ज्याच्याकडून आले म्हणत, त्या हेमचंद फत्तेचंद जवाहिऱ्याने आयोगासमोर उभे राहून आपली आधीची जबानीच नाकारली. जामीनकीच्या लहानशा दाव्यातही आपल्या वाडवडिलांनी असा साक्षीदार मानला नसता.

आयोगाची बैठक २३ फेब्रुवारी १८७५ रोजी सुरू झाली. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले होते. त्यांनी उलटतपासणीत या पुराव्याची वीण उसवली. त्यांचा रोख मुख्यतः हाताखालच्या अंमलदारांवर होता. अखेर निकाल काय लागला? अध्यक्ष सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल या तिघा इंग्रजांनी आरोप शाबीत मानला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव या तिघांनी मानला नाही. तीनास तीन. आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करणारा जो जाहीरनामा निघाला, त्यात कारण म्हणून विषप्रयोग सांगितलाच नाही, वाईट वर्तन आणि राज्यकारभारातील अंदाधुंदी सांगितली. म्हणजे ज्या सरकारने सूटर यांना धाडले, त्या सरकारनेही त्यांच्या तपासावर पदच्युतीचा भार टाकण्याचे टाळले! तो भार टाकला तो आपल्या गोष्टीने. सूटर यांना 'सर' हा किताबही याच १८७५ सालचा, आणि गोष्ट सांगणाऱ्याला तेवढी साक्ष पुरते.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की मल्हाररावांची बाजू घेता काय? मुळीच नाही. रयतेच्या तक्रारींची चौकशी १८७३ सालीच झाली होती, आणि त्या खोट्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. सोन्याच्या तोफा ओतविणाऱ्या राजाचा अंमल शेतकऱ्याला कसा लागत असेल हे सांगावयास नको. पण वाईट राज्य केले हा एक आरोप आणि विष घातले हा दुसरा. एकाच्या पुराव्यावर दुसऱ्याची शिक्षा मोजणे हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप असा, की राजांनी राजाला सांभाळून घेतले. असेलही. पण मग इंग्रजांनी इंग्रजाला सांभाळून घेतले नाही कशावरून? माणसांच्या हेतूंवर जाऊन दोन्ही पारडी सारखीच राहतात. शेवटी पुराव्याकडेच यावे लागते, आणि पुरावा आपण वर पाहिला. सूटर यांनी जाणूनबुजून तो रचला असेही मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे त्यांच्यावर तोच अन्याय करणे होय.

जुन्या कीर्तीची अशी तपासणी करणे हे उकिरडे फुंकणे आहे, असे काहींना वाटते. अमेरिकेच्या दक्षिणेत टेनेसी राज्यात ब्यूफर्ड पसर नावाचा शेरीफ होऊन गेला. सोटा घेऊन गुंडांना वठणीवर आणणारा म्हणून त्याच्यावर १९७३ साली चित्रपट निघाला. १९६७ साली त्याच्या पत्नीचा खून झाला, तो त्याच्या वैऱ्यांनी केला अशी कथा लोकांनी श्रद्धेने जपली. २०२४ साली पत्नीचे प्रेत उकरून तपासले गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील सरकारी वकिलांनी जाहीर केले की, पसर हयात असता तर त्याच्यावरच खुनाचा आरोप ठेवता येईल इतका पुरावा आहे. तो १९७४ सालीच वारला, त्यामुळे खटला होणे नाही. तरीही त्यांनी दप्तर उघडले, कारण एका स्त्रीच्या मृत्यूचा हिशेब बाकी होता.

आपल्याकडेही हिशेब बाकी आहे. मल्हारराव मद्रासेस १८८२ साली वारले, तेव्हा त्यांच्यामागे कोर्टाचा निकाल नव्हता, लोकांची गोष्ट होती. २७ मे १८७५ रोजी सयाजीराव दत्तक आले आणि पुढे बडोद्याचे जे सोने झाले, त्याच्या झळाळीत ही आधीची गोष्ट तपासण्याची कोणास गरज वाटली नाही. वाईट राजा गेला, चांगला आला, मग विष खरेच असणार! आपण सयाजीरावांच्या थोरवीची साक्षही मल्हाररावांविरुद्ध वापरली आहे. सयाजीरावांना तिची गरज नाही.

म्हणून जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांस माझी विनंती एवढीच आहे. गोष्ट सांगावी, रंगवून सांगावी, सरबत आणि विहीर दोन्ही ठेवावीत. मात्र शेवटी 'सूटरसाहेबांनी सारे बाहेर काढले' असे न म्हणता 'सहा न्यायाधीश बसले आणि तीनास तीन झाले' असे म्हणावे. नातवंडे विचारतील, मग खरे काय? तेव्हा त्यांच्यापुढे पट्ट्याची तारीख ठेवावी आणि त्यांना स्वतःच ठरवू द्यावे.