सहा रात्रींना एक बेट पुरतं

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि सिंधुदुर्गातल्या आचऱ्यापासून मुंबई-पुण्यापर्यंतच्या घरांत लग्नपत्रिकेबरोबर आणखी एक कागद तयार होऊ लागतो. तो हनिमूनचा कार्यक्रम. त्यात आता एकाच ठिकाणाचं नाव फारसं सापडत नाही. सहा रात्रींत अंदमानातली तीन बेटं, नाहीतर फुकेत, फी फी आणि को लांता, नाहीतर बालीला जोडून गिली आणि नुसा पेनिडा. बेटं जितकी जास्त तितके पैसे वसूल, असा त्यामागचा हिशेब. मला तो हिशेब पटत नाही. समुद्र ओलांडून जाणाऱ्या जोडप्याने एकच बेट निवडावं, तिथेच राहावं, आणि ते निवडताना फोटोंच्या आधी त्या समुद्राचे ऋतू पाहावेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी वेळेचं पाहू. रजा पंधरा दिवसांची मिळाली तरी सत्यनारायण, गोंधळ, कुलदेवतेचं दर्शन, मांडवपरतणी यांत तिचा मोठा भाग संपतो. फिरायला उरतात सहा-सात रात्री, आणि त्यांतले दोन दिवस विमान खातं. मधल्या दिवसांत बेट बदलायचं म्हणजे सकाळी सामान बांधून खोली सोडायची, बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी धक्क्यावर हजर व्हायचं, पलीकडे उतरून पुन्हा गाडी शोधायची, आणि नव्या हॉटेलात दुपारपर्यंत खोलीची वाट पाहत बसायचं. अंदमानचंच पाहा: पोर्ट ब्लेअर म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप. दोन्हींमधला वेगवान बोटीचा प्रवास दीड ते अडीच तासांचा आहे. कागदावर ‘दीड तास’ एवढंच दिसतं, प्रत्यक्षात अर्धा दिवस जातो. मालदीवची सीप्लेनं फक्त दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी मालेला उतरलेल्या जोडप्याने दूरचं बेट निवडलं असेल तर पहिली रात्र विमानतळाच्या आसपासच काढावी लागते. अशा दोन-तीन बदलांची बेरीज केली की सहा रात्रींच्या सहलीतला एक-दीड दिवस बॅगा उचलण्यात गेलेला असतो.

याहून मोठा प्रश्न ऋतूचा आहे, आणि तो आपल्या किनाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मे सरत आला की आचऱ्यात होड्या वर ओढल्या जातात आणि मालवणातून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी प्रवासी वाहतूक थांबते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर दर्याशी पुन्हा व्यवहार सुरू होतो. समुद्राला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. सहल आखताना मात्र आपण मुहूर्त पाहतो आणि दूरच्या समुद्राचा पावसाळा पाहत नाही. वैशाखात लग्न झालेलं जोडपं मे महिन्यात अंदमानला निघतं, आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्या आधी, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात, तिथेच पोहोचलेला असतो. मालदीवचाही पावसाळा मेपासूनच. त्याच दिवसांत बालीत कोरडा हंगाम असतो; उलट मार्गशीर्षातल्या लग्नानंतर बालीला जाणाऱ्यांच्या वाट्याला पाऊस येतो, आणि तेव्हा लक्षद्वीप व मालदीवचा समुद्र शांत होत आलेला असतो. मॉरिशसला जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. एकाच थायलंडमध्ये फुकेतच्या बाजूला नोव्हेंबरपासून हवा उघडते, आणि पलीकडच्या आखातातलं को सामुई त्याच नोव्हेंबरात पावसात भिजत असतं. म्हणजे दूरदूरची बेटं एका कार्यक्रमात गुंफताना दोन वेगळे ऋतू एकत्र बांधले जाऊ शकतात, आणि मग त्यांतला एक तरी आपल्या विरुद्ध असतो.

हा केवळ सहल भिजण्याचा प्रश्न नाही. जुलै २०१८ मध्ये, ऐन पावसाळ्यात, फुकेतजवळ ‘फीनिक्स’ ही पर्यटकांची बोट वादळी लाटांत बुडाली आणि ४७ चिनी पर्यटकांचा जीव गेला. आपल्या तारकर्लीजवळ २४ मे २०२२ रोजी, हंगाम मिटता मिटता, स्कूबासाठी गेलेल्यांची बोट उलटून दोन पर्यटक दगावले. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात आणि त्यांची चौकशी तज्ज्ञांनीच करायची. पण एवढं कोणीही ओळखू शकेल की दर दुसऱ्या दिवशी पुढची बोट गाठायची असलेल्या माणसाला हवा बिघडली तर थांबता येत नाही. पुढच्या हॉटेलचे पैसे भरलेले असतात, परतीचं विमान ठरलेलं असतं. एका बेटावर राहणारा माणूस मात्र ‘आज नको, उद्या जाऊ’ म्हणू शकतो. समुद्राकाठी असं म्हणता येणं ही चैन नव्हे. जीव त्यावर अवलंबून असतो.

आता बेटांच्या बाजूने पाहू, कारण कार्यक्रम आखताना त्यांचा विचार कोणी करत नाही. सिंधुदुर्ग किल्ला उभारायला १६६४ मध्ये शिवरायांनी मालवणसमोरचं कुरटे बेट निवडलं. त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि त्या नसत्या तर त्या तटबंदीचा उपयोग काय झाला असता? बेटावर किती माणसं राहू शकतात हे शेवटी पाणी ठरवतं. प्रवाळबेटांवर तर पावसाचं पाणी सच्छिद्र जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं; उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं. मालेचं भूजल असंच हातचं गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा लाखभर लोकांच्या राजधानीत प्यायला पाणी उरलं नाही, आणि भारताने ‘ऑपरेशन नीर’ राबवून विमानांनी व नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवलं. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी वस्ती दहावर, आणि सगळी मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. अशा ठिकाणी एका रात्रीसाठी येणारा पाहुणा आणि चार रात्री राहणारा पाहुणा सारखे नसतात. एका रात्रीनंतर चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं धुवायचं, खोली धुवायची, पुढच्यासाठी बोटीचं डिझेल जाळायचं. चार रात्री राहणाऱ्यामागे हे सगळं एकदाच होतं.

बेटांना विश्रांतीही लागते. फी फी समूहातला माया बे २०१८ मध्ये थायलंडने बंद केला तो २०२२ च्या जानेवारीपर्यंत. रोज येणाऱ्या बोटींच्या नांगरांनी आणि गर्दीने तिथलं प्रवाळ मोडून पडलं होतं. बंदीच्या काळात तिथे नवं प्रवाळ लावलं गेलं आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क त्या उथळ पाण्यात परतले. फिलिपाइन्सने बोराकाय बेट २०१८ मध्येच सहा महिने मिटून ठेवलं. आचऱ्याच्या माणसाला यात परकं काही वाटू नये. श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन इथे गावपळण होते: अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेस ओलांडतो, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत राहतो आणि पुन्हा कौल मिळाल्यावर परततो. त्यामागे श्रद्धा आहे आणि तिला पर्यावरणाच्या पुस्तकातलं नाव द्यायची गरज नाही. पण माणसांनी भरलेली जागा काही काळ रिकामी करता येते आणि त्यात कोणाचं नुकसान होत नाही, हे या गावाने करून दाखवलेलं आहे. काही बेटांवर तर कधीच न गेलेलं बरं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांतल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. तिथे उतरायचा हट्ट कोणत्याही जोडप्याने धरू नये.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: आयुष्यात एकदाच एवढा खर्च करतो, विमानाचं भाडं तेवढंच पडणार, मग जास्त का पाहू नये? भाडं तेवढंच हे खरं. पण प्रत्येक बेटबदलाचं बोटभाडं किंवा सीप्लेन वेगळं मोजावं लागतं, आणि मालदीवमध्ये ते खोलीभाड्याइतकं जड होऊ शकतं. तोच पैसा एका जागी लावला तर बरी खोली मिळते किंवा दोन रात्री वाढतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सगळे एकाच बेटावर राहिले तर बाकीच्या छोट्या बेटांच्या पोटाचं काय? माझं म्हणणं सगळ्यांनी एकाच बेटावर जावं असं नाही. प्रत्येकाने आपलं एक निवडावं, आणि ते शक्यतो वस्तीचं असावं. मालदीवने २००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना वाट करून दिली. तोवर पर्यटक रिसॉर्टच्या वेगळ्या बेटांवरच उतरत आणि गावांना त्यांच्या पैशाचा थेट वाटा फारसा मिळत नसे. तीन तासांसाठी उतरणारे शंभर लोक शहाळी पितात, फोटो काढतात आणि कचरा टाकून जातात. चार दिवस राहणारी दहा माणसं खानावळीत जेवतात, रिक्षा करतात, बाजारात मासळी घेतात, होडीवाल्याला दोनदा बोलावतात. रजा दहा रात्रींची असेल तर दोन बेटं मला मान्य आहेत, मात्र ती एकाच समुद्रातली, एकाच ऋतूतली आणि एका बोटीच्या अंतरावरची असावीत.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तोच बहुधा खरा असतो. ठरवून झालेल्या लग्नात दोन माणसं एकमेकांना पुरती ओळखतही नसतात. रोज नवं बेट, रोज नवी बोट असली की बोलायला विषय मिळतो, अवघडलेपण झाकलं जातं. एकाच जागी सहा दिवस काढायचे म्हटलं की भीती वाटते. ही भीती मला क्षुल्लक वाटत नाही. पण धावपळीने ओळख होत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते, आणि दमलेली, उन्हाने रापलेली, समुद्र लागून उलट्या झालेली दोन माणसं एकमेकांशी फार मायेने वागतात असंही नाही. त्यावर उपाय म्हणजे करण्यासारखं काही असलेलं बेट. ओहोटीला चालत जाता येईल असं प्रवाळ, स्कूबा शिकवणारं केंद्र, सायकलने फिरता येईल असा रस्ता, संध्याकाळी जिथे गावकरीही येतात अशी पुळण. नव्या जोडप्याला एकमेकांची सवय व्हायला जागा ओळखीची होणं मदत करतं. तिसऱ्या दिवशी चहावाला नावाने हाक मारतो तेव्हा दोघंही थोडी सैल होतात.

हे सगळं परदेशाला लागू आणि आपल्याला नाही, असं म्हणायची सोय नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि दोन दिवसांत किल्ला, तारकर्ली, देवबागचा संगम, कर्लीच्या मुखावरचं त्सुनामी बेट, निवती, वेंगुर्ले उरकून गोव्याला पोहोचवणारे कार्यक्रम इथेही विकले जातात. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पण प्रवाळावर नांगर टाकणाऱ्या बोटीतल्या पर्यटकाला ते ठाऊक नसतं. आचरा, तोंडवळी, तळाशील हा पट्टा, मागची कालावलची खाडी आणि मसुऱ्याचं खोत जुवा एवढंच चार दिवसांत पाहायला आलेलं जोडपं या किनाऱ्याला अधिक परवडणारं आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. सहल विकणाऱ्या कंपन्यांनी आणि पर्यटन महामंडळानेही आपल्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक दिवसासमोर प्रवासाचे एकूण तास छापावेत, त्या महिन्यात तिथला समुद्र कसा असतो हे लिहावं, आणि हवेमुळे बोट रद्द झाली तर पुढच्या खोलीचे पैसे परत मिळतात की नाही, हे पैसे घेण्याआधी लेखी द्यावं.